सुभेदारांना हळू चालवणारं यंत्र

माझ्या नवऱ्याला हळू चालता येत नाही. नावं ठेवायची म्हणून सांगत नाही, डॉक्टरांनी 'हळू चाला' असं कागदावर लिहून दिलं तरी येत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. मिलिटरी हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला, पण रमतगमत, बाजाराला निघाल्यासारखं. वेग वाढवलात तर दुसरा झटका येईल, आणि तो पहिल्यासारखा सोडून जाणार नाही. यांनी "येस सर" म्हटलं, आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी सोसायटीच्या पार्कात परेड सुरू केली.

हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढली, त्यांतली अकरा ड्रिल शिकवण्यात. मिनिटाला एकशेवीस पावलं, एक कमी नाही, एक जास्त नाही. गाव सुटलं ते सुटलंच. निवृत्तीनंतर आम्ही महेशकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, दिल्लीतल्या द्वारकेला आलो. तेव्हा द्वारकेत मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते, आणि आमच्या सोसायटीचं पार्क म्हणजे चार रोपटी, एक घसरगुंडी आणि भोवती सिमेंटची पायवाट. मी एक फेरी करीपर्यंत हे मला तीनदा ओलांडायचे. ओलांडताना मागून "बाजू!" म्हणायचे, जणू मी रस्त्यात उभी राहिलेली म्हैस. आठवड्याभरात एकदा ते लिफ्टसमोरच्या पायरीवर बसलेले मला दिसले. सदरा भिजलेला आणि ओठ काळेनिळे पडलेले. थंडी फार आहे, म्हणाले. मार्च संपत आला होता.

मी घरात कुणाला काही बोलले नाही, पण त्या दिवशी माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. ते सुनेनं ओळखलं.

सुनयना गुडगावला एका कंपनीत नोकरीला आहे. मराठी बोलते, पण मध्ये मध्ये "अच्छा" आणि "बिल्कुल" घालून. तिला तिच्या लग्नाची वरात आठवली. सगळे बँडपुढे नाचत होते आणि आमचे सुभेदार बँडच्या ठेक्यावर डावा-उजवा करत सर्वांत पुढे चालले होते. बँडवाल्यांनी ठेका धीमा केला की यांची पावलं धीमी. त्यांनी वाढवला की यांची वाढली. ती मोटारीत नवरी होऊन बसली होती आणि हसू दाबता दाबता तिच्या मुंडावळ्या हलत होत्या.

"आई, बाबांचे पाय बाबांचं ऐकतच नाहीत," ती म्हणाली. "बँडचं ऐकतात. आपण बँड धीमा करू या."

महेशला ऑफिसातून दिवाळीला एक सीडी प्लेअर मिळाला होता, ताटलीएवढा, खिशात न मावणारा. सुनयनाने संथ ठेक्याच्या भजनांची सीडी करून आणली, यांच्या कानांत इअरफोनची बोंडं घातली आणि यंत्र कमरेला बांधलं. दोन फेऱ्या सुभेदार खरंच संथ चालले. मी बाकावर बसून देवाचे आभार मानायला सुरुवात केली होती. तेवढ्यात पाऊल जरा जोरात पडलं आणि सीडी अडखळली. ठेका चुकला.

आता ठेका चुकला तर साधा माणूस काय करील? चालत राहील. पण पलटणीत पाऊल चुकलं की "कदम बदल" करायचा असतो. एक पाय पटकन दुसऱ्यामागे आणून छोटीशी उडी, की पुन्हा बरोबर. यांनी उडी मारली. उडीने सीडी पुन्हा अडखळली. म्हणून यांनी पुन्हा उडी मारली. अर्धी फेरी त्यांनी अशी लंगडी घालत पुरी केली. समोरच्या ब्लॉकमधल्या चोप्राबाईंनी मला येऊन हळूच विचारलं, "भाईसाहब ठीक तो हैं?" यांनी कानांतली बोंडं काढली, यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुन्हा एकशेवीसवर गेले.

सुनयना म्हणाली, यात बाबांची चूक नाही, यंत्र चुकीचं आहे. धावणाऱ्यांसाठी वेगळे प्लेअर मिळतात, ते हिसक्याने अडखळत नाहीत, मी येताना घेऊन येते. पण सुभेदार तपासल्याशिवाय माल घेत नाहीत. म्हणून रविवारी आम्ही तिघं मार्केटात गुलाटींच्या दुकानात गेलो.

गुलाटींनी काचेवर तीन यंत्रं मांडली आणि समजावून सांगितलं. पहिलं दहा सेकंदांचं. म्हणजे ते पुढचं दहा सेकंदांचं गाणं आधीच वाचून पोटात ठेवतं. हिसका बसला आणि वाचणं थांबलं, तरी पोटातलं वाजत राहतं. दुसरं चाळीस सेकंदांचं, चांदीसारखं, पातळ. तिसरंही चाळीसचंच, पण पिवळं, भोवती रबराची कड, झाकणाला खिट्टी आणि कमरेला बांधायचा पट्टा. पावसाचे चार थेंब पडले तरी चालतात, म्हणाले. मला ते पिवळं आवडलं. शिदोरी बांधून निघालेल्या माणसासारखं वाटलं.

सुभेदार फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांच्यामधल्या जागेत सावधान उभे राहिले. पहिलं यंत्र कमरेला बांधून घेतलं आणि कदमताल सुरू केला, म्हणजे जागच्या जागी परेड. गुडघा कमरेपर्यंत वर, टाच दाणकन खाली. काचेच्या कपाटातली इस्त्र्यांची खोकी हलली. तिसऱ्या टाचेला पहिलं यंत्र गप्प झालं. चांदीचं मिनिटभर टिकलं.

"साहब, ये जॉगिंग के लिए है, लाहौर जाने के लिए नहीं," गुलाटी म्हणाले.

पिवळं मात्र हटेना. एक मिनिट झालं, दीड झालं. यांचा चेहरा पडत चालला. मग यांनी शेवटी दोन्ही पायांवर उडी घेऊन असं काही "थम" केलं की वरचा पंखासुद्धा डुलला. पिवळं एकदाच उचकलं.

"फेल," सुभेदार म्हणाले.

किती खुशीत म्हणाले. महेश पास झाला होता तेव्हाही इतकी खुशी मी पाहिली नव्हती. ज्याला यंत्र हवं आहे तो ते फेल झाल्यावर खूश का होईल? आणि खुशीतच त्यांचा हात वॉशिंग मशीनवर टेकला. श्वास लागला होता. गुलाटींनी स्टूल दिलं, पाणी दिलं. सुनयनाचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला गुलाटींकडे बॅटऱ्यांची चौकशी करायला पाठवलं आणि यांच्याजवळ उभी राहिले. माझा जीव वर-खाली होत होता, आणि असं झालं की मी भांडते.

"यंत्राला कशाला बोल लावता?" मी म्हटलं. "तुम्हाला हळू चालायचंच नाहीये."

त्यांनी पिवळ्या यंत्राची खिट्टी उघडली, लावली, उघडली.

"'धीरे चल' कधी करतात, माहीत आहे ना तुला?"

मला माहीत होतं. 'धीरे चल' म्हणजे संथ पावलांची परेड. पलटणीच्या क्वार्टरांत राहिलेल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. रंगरूट पास होऊन बाहेर पडतात तेव्हा करतात. आणि कुणाला पोचवायला जातात तेव्हा.

"रंगरुटांचं मी नुसतं शिकवलं," ते म्हणाले. "स्वतः मी केलं ते नऊ वेळा. नऊही वेळा पुढे तिरंग्यात गुंडाळलेली पेटी होती. ते भजन कानात धीमं वाजायला लागलं ना, की मला पुढे पेटी दिसते. आणि आत कोण आहे तेही कळतं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला त्यांनी सांगितलं ते फ्रिजच्या दुकानात, स्टुलावर बसून. डोळ्यांत पाणी येण्याआधी मी तोंड उघडलं.

"मग पेटीमागे कशाला चालता? माझ्याबरोबर चाला. मी काय मेलेय?"

"तुझ्याबरोबर कसं चालणार? तुझा डावा गुडघा एक म्हणतो, उजवा दुसरंच. पाऊल मिळतच नाही."

"नाही मिळालं तर नाही मिळालं. मी कुठली परेड आहे?"

मी गुलाटींना सांगून पिवळं यंत्र माझ्या कमरेला लुगड्यावरून बांधून घेतलं. एक बोंड माझ्या कानात घातलं, दुसरं यांच्या. वायर हातभर. मी फ्रिजपासून दाराकडे निघाले, माझ्या चालीने. लहानपणी दोन घागरी डोक्यावर घेऊन चढ चढले आहे, मला हिसके देत चालताच येत नाही. यंत्र एकदाही उचकलं नाही. पण हे तिसऱ्याच पावलाला पुढे गेले आणि बोंड फटकन निसटून आलं. "वापस, साहब," गुलाटी म्हणाले. दुसऱ्या वेळी वॉशिंग मशीनपर्यंत टिकले. सुनयना तोंडाला ओढणी लावून हसत होती. तिसऱ्या वेळी आम्ही दारातून बाहेर पडलो आणि शेजारच्या मिठाईच्या दुकानापर्यंत जाऊन परत आलो. मागून गुलाटी ओरडून सांगत होते, की अम्माजी, माल अजून दुकानाचा आहे.

पिवळंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कात आमची वरात निघाली. पहिल्या फेरीभर यांनी माझं पाऊल पकडायचा प्रयत्न केला. दोनदा कदम बदल केला, आणि दोन्ही वेळा त्यांच्यानंतर मीही बदलला, मुद्दाम नाही, गुडघ्यामुळे. मग त्यांनी सोडून दिलं. त्यांचा पाय एकीकडे, माझा दुसरीकडे, मध्ये भजन. ते कुरकुर करायला लागले. पायवाट आखणाऱ्याला सरळ रेघ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. महेश फार उशिरा उठतो. चोप्राबाईंचा कुत्रा त्यांच्यापेक्षा शिस्तीचा आहे. भजनवाला नाकात गातो. मी हुं हुं करत होते.

मध्येच मी विचारलं, "पेटी दिसते का?"

"तू इतकी आडवी चालतेस," ते म्हणाले, "की पुढचं काही दिसतच नाही."

तिसऱ्या फेरीत घसरगुंडीपाशी त्यांच्या कानातलं बोंड गळून पडलं. माझ्या पदरावर लोंबत राहिलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. महेशला उठवायचं कसं, यावर त्यांचं बोलणं चालू होतं आणि ते माझ्या बाजूने, माझ्याच चालीने, हात मागे बांधून चालले होते.

मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुटले असते.