देवीच्या अंगावरचं कातडं

या, असे जवळ सरका. एका कातड्याची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना राग येईल, येऊ द्या.

सुनेत्राने बुक्क्याची डबी आपटून बंद केली. वेस्ट विंडसरच्या शाळेचं कॅफेटेरिया, १९८८ची नवरात्र. कीर्तनाचा पूर्वरंग संपला होता. आता रीतीप्रमाणे कीर्तनकाराला, म्हणजे तिलाच, हार घालायचा, बुक्का लावायचा. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि तबलजी पुरुषोत्तमकाका हार घेऊन आले ते कुजबुजतच.

"उत्तररंगात ते आफ्रिकेचं नको. कमिटीने ठरवलंय."

"काका, आख्यानच ते आहे."

"अथीना सांग की. ग्रीकांची युद्धदेवी, फाइन! पण तिचा पेहराव लिबियातल्या बायकांचा, शेळीचं कातडं... देवीसमोर? लोक दोन-दोन तास ड्राइव्ह करून आलेत यार."

सुनेत्राने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. निळी चर्चची हॅट घालून लॉरेन प्राइस ताठ बसली होती. संध्याकाळच्या कॉलेजात शिकवताना तिने सुनेत्राला स्लाइड दाखवल्या होत्या: लिबियातल्या बायकांच्या अंगावरचं शेळीचं कातडं, त्याला चामड्याच्या झालरी. ग्रीक देवीच्या छातीवरही तेच. फक्त झालरींचे साप झालेले. जुन्या ग्रीकांनी स्वतःच तसं लिहून ठेवलंय, असं ती सांगायची. वसंतात कॉलेजने तिचा कोर्स कॅन्सल केला. ग्रीकांना आफ्रिकेकडून काही घ्यायची गरज नव्हती, म्हणे! स्लाइड बुटांच्या खोक्यात गेल्या. तेव्हा सुनेत्राने शब्द दिला होता, माझ्या देवीसमोर सांगेन, तुमचं नाव घेऊन.

"बरं, निदान त्या बाईचं नाव गाळ," काका म्हणाले. "तिला कुठे मराठी कळतंय?"

"म्हणूनच. नाव तेवढंच कळेल तिला."

हार गळ्यात पडला. सुनेत्रा उभी राहिली. झांज वाजली, पेटी वाजवणाऱ्या उत्तराने सूर धरला. गोष्ट अथीना जिथे जन्मली त्या लिबियाच्या तळ्याकाठी पोचली, कातड्याचा उल्लेख आला, आणि काकांनी तबल्यावरून हात उचलून मांडीवर ठेवले.

सुनेत्रा थांबली.

"काका, हात आत्ता कशावरून उचललात?"

मागून श्रोत्यांतला उल्हास म्हणाला, "शेळीच्या कातड्यावरून!"

हशा पिकला. सुनेत्रा हसली नाही.

"वर्षानुवर्षं देवीसमोर वाजतंय ते. तेव्हा नाही विटाळ झाला?"

काका लालबुंद झाले, पण तबला वाजला नाही.

"हे मला जिने शिकवलं," सुनेत्रा म्हणाली, "तिचं नाव लॉरेन प्राइस."

लॉरेनने चमकून मान वर केली. शेजारच्या बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. सुनेत्राने पद उचललं तेव्हा ठेका नव्हताच. लॉरेनने हॅट काढून मांडीवर ठेवली आणि टाळी धरली, तिच्या चर्चमधली, आपल्या समेच्या अंमळ मागे पडणारी. सुनेत्राने आपली लय तिच्या टाळीवर नेली.

पुढच्या नवरात्रात मंडळाने सुनेत्राला बोलावलं नाही. त्यांच्या तबल्याला मात्र शेळीच्या कातड्याचीच नवी पुडी बसवून आणली होती.

तुम्ही देवीपुढे दिवा लावाल, तेव्हा एक नाव आठवा. लॉरेन प्राइस. एकदा मोठ्याने म्हणा बरं.