विल्फ थांबला

जवाहिऱ्याचं दुकान लुटून पळताना कुणी झेब्रा क्रॉसिंगवर गाडी थांबवतं का? आमच्या विल्फने थांबवली. एक म्हातारी रस्ता ओलांडत होती म्हणे. ती पलीकडे पोचेपर्यंत पोलीस येऊन ठेपले. आमच्या टोळीचे म्होरके हॅगर्टीसाहेब, त्यांचा धाकटा भाऊ तुरुंगात गेला. विल्फ पोलिसांच्या हातून निसटला, पण आमच्या हाती लागला. आता तो बर्मंडसी भागातल्या आमच्या गॅरेजात खुर्चीला बांधलेला होता आणि जेवण उरकून साहेब पिस्तूल घेऊन येणार होते.

राखणीला मी आणि नॉरिस. मला काही राहवेना.

"खरं सांग, पोलिसांनी पैसे चारले ना?"

"छे रे, डग्लस. आजीबाईंनी पट्ट्यांवर पाय ठेवला होता. मग थांबायला नको?"

हा महाबेरकी की निव्वळ बावळट, हेच मला उमगेना. पहिला चहा मी केला, दुसरा नॉरिसने. तिसऱ्या वेळी नॉरिस भडकला. "दोन कप ढोसलेत यानं. आता नंबर याचा!" आमच्यात चहाचा नंबर कुणी चुकवत नाही, मरणारासुद्धा नाही. मी दोरी सोडली.

तो चहा करायला आतल्या खोलीत गेला. तिथलं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. पळ लेका, मी मनात म्हटलं. दार करकरलं. मला मनापासून आनंद झाला. तेवढ्यात पुढून हातात पिस्तूल घेऊन साहेब आले आणि आतून ट्रेमध्ये चार कप घेऊन विल्फ.

"चोथा टाकायला बाहेर गेलो तर साहेबांची गाडी दिसली. म्हटलं, एक कप वाढवू."

कप हातात घेऊन साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "परत म्हातारी आडवी आली तर थांबशील?"

नाही म्हण, गाढवा!

"थांबणार ना, साहेब."

साहेबांनी बाहेर काढलेलं पिस्तूल खिशात टाकलं. "माझ्या पदरी एवढी माणसं, पण एक खरं बोलेल तर शपथ. उद्यापासून तिजोरीच्या किल्ल्या तुझ्याकडे."

माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी एक घोट घेतला.

"पण याला सोडलं कुणी?"

"यानं!" नॉरिसचं बोट माझ्याकडे, माझं त्याच्याकडे.

साहेब विल्फकडे वळले. त्याचं तोंड एवढंसं झालं. मी डोळ्यांनीच त्याच्या पाया पडत होतो.

"डग्लसने," तो हळूच म्हणाला. "माणूस फार चांगला आहे हो, साहेब."

साहेबांचा हात पुन्हा खिशाकडे गेला.

"चहा संपव आधी, डग्लस," ते म्हणाले.