बर्फावर काढलेली दृष्ट

यातला शब्दन् शब्द खरा आहे. देवाशप्पथ खरा! नुसती देवाची शपथ पुरत नसेल तर माझ्या नव्या कवळीची घ्या, ती मला देवापेक्षा जास्त वेळा लागते. शुभा, म्हणजे माझी लेक, तुम्हाला सांगेल की आईचं काही ऐकू नका. पण मोक्याच्या वेळी शुभा कॉफी आणायला गेली होती. मी तिथे होते.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे जर्मनीत होते. म्युनिकजवळ गार्चिंग आहे ना, विद्यापीठाचं, त्याच्या पलीकडे एक लहानसं गाव. जावई उल्हासराव कंप्युटरमधले. आठवडाभर शहाण्यासारखे ऑफिसला जातात आणि रविवारी गळ्यात हिरवा मफलर घालून वेडे होतात. कारण गावाचा आइस हॉकीचा संघ. संघाचं नाव पाणमांजरं. मला वाटलं चेष्टा करतायत. पण मफलरवर खरंच पाणमांजर विणलंय, मिशांसकट.

हा खेळ मला अजून कळलेला नाही. ती काळी चकती म्हणजे करपलेला घारगा, आणि तो उल्हासराव सोडून कोणाला दिसत नाही. बर्फावर माणसं सुसाट येतात, एकमेकांना भिंतीवर आपटतात, शिट्टी वाजते आणि त्यातल्या एकाला काचेच्या खोलीत एकटं बसवतात, शाळेत कोपऱ्यात उभं करायचे तसं. तो सुटून आला की लोक टाळ्या वाजवतात.

"चांगलं केलं म्हणून बसवतात की वाईट केलं म्हणून?" मी विचारलं.

"आई, ते डिपेंड करतं," उल्हासराव म्हणाले.

संघात एक थीलो होता. शुभाच्या खालच्या मजल्यावर राहतो. दिवसा गार्चिंगला सायकली दुरुस्त करतो, संध्याकाळी हॉकी. अंगाने काडी. पण बर्फावर असा वळायचा की मलासुद्धा बघावंसं वाटायचं. माझी भाजीची पिशवी न सांगता वर आणून द्यायचा आणि मला ओमा म्हणायचा, म्हणजे आजी. त्याची बायको आनिका सातव्या महिन्यात होती. बाळासाठी मी गोधडी घालायला घेतली होती, शुभाच्या जुन्या सुती साड्यांची.

तर या थीलोला देऊन टाकायचं घाटत होतं. पार वरती उत्तरेला, समुद्राजवळच्या एका संघाला. बदल्यात तिकडून ब्रुनो नावाचा एक आडदांड गडी घ्यायचा. कारण काय, तर थीलोकडे कसब आहे, दम नाही. त्यात महिनाभर त्याच्या हातून एक गोल झाला नव्हता. तो वरचाच संघ रविवारी आमच्याकडे खेळायला यायचा होता. मॅनेजर म्हणाला, दोघांना समोरासमोर बघतो आणि मग ठरवतो.

घरात दुसरा विषय नाही. मी पोळ्या लाटतेय आणि हे दोघं भांडतायत.

"आई, तुम्हीच सांगा," उल्हासराव म्हणाले, "थीलोला कोणी धक्का मारला तर उलट हाच सॉरी म्हणतो."

"मग संस्कार चांगले आहेत की."

"हॉकीत संस्कार नकोत, दरारा हवा. ब्रुनो नुसता उभा राहिला तरी समोरचे लांबून जातात."

"चकती पण लांबूनच जाते त्याच्या," शुभा म्हणाली. "त्याला साधा पास घेता येत नाही."

"तो पास घ्यायला नाहीच आहे. जो पास घेतो त्याला वाचवायला आहे."

"आणि ज्याला वाचवायचं त्यालाच तुम्ही देऊन टाकताय."

"आल्झो," उल्हासराव म्हणाले. 'त्याचं काय आहे' अशा अर्थाचा जर्मन शब्द आहे तो. काय आहे ते माहीत नसलं की म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पण मी ऐकलं तर उल्हासराव थीलोच्या बाजूने बोलत होते. कसब विकत मिळत नाही वगैरे.

"काल तर तुम्ही दरारा म्हणत होतात," मी म्हटलं.

"ते काल. रात्री विचार केला, शुभाचं पटलं."

"मग मिटलं की. भांडताय कशाला?"

"मीही रात्री विचार केला ना," शुभा म्हणाली. "मला ह्याचं पटलं."

माझी नात क्षितिजा कॉर्नफ्लेक्स खात होती. "क्वाच," म्हणाली आणि दप्तर उचलून निघून गेली. म्हणजे काहीही काय. दहा वर्षांची आहे, पण त्या घरात मला तिचाच तेवढा आधार.

त्याच दिवशी आनिका जिन्यात भेटली. धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन पायरीवर बसलेली, डोळे लाल. ती जर्मनमध्ये बोलली. क्षितिजाने ते मला समजावलं, तेही जर्मनमध्येच, फक्त हळू. क्षितिजाला मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र निघत नाही. शेवटी शुभाने उलगडून सांगितलं. इथे बाळंतपणाला हेबामे लागते, म्हणजे सुईण, आणि ती मिळणं मुलीला स्थळ मिळण्यापेक्षा अवघड. पोटात बाळ आहे कळल्याच्या दिवसापासून फोन करायला लागतात तेव्हा कुठे एक हो म्हणते. आनिकाने ती मिळवली होती. आता समुद्राकाठी ऐन वेळी कोण येणार? आई इथे, डॉक्टर इथे, सगळं इथे. आणि नवऱ्याला तर धक्कासुद्धा मारता येत नाही.

मी रात्रभर विचार केला. मला पटकन पटत नाही त्या दोघांसारखं. पण पहाटे लख्ख कळलं. कसब आणि दम, हा वादच चुकीचा. पोराला दृष्ट लागली होती. एवढे लोक रोज त्याचंच नाव घेतायत, कोणी कौतुकाने, कोणी नाक मुरडून. लागणार नाही तर काय?

पण परदेशात दृष्ट काढणं सोपं नाही. निखारे नाहीत. मागे क्षितिजाची काढून मोहऱ्या तव्यावर टाकल्या, तर छताला चिकटवलेला धुराचा भोंगा असा बोंबलला की खाली लाल गाडी आली, शिडीसकट. स्वयंपाकघरात धिप्पाड माणसं, डोक्याला हेल्मेट. मी त्यांना आल्याचा चहा पाजला. त्यातला एक अजून शुभाला रस्त्यात थांबवून आलं किती घालायचं विचारतो.

आणि मीठ? दृष्टीला खडेमीठ लागतं. शुभाकडे नुसती डबीतली पूड. पण इमारतीच्या दाराशी हाऊसमाइस्टरने, म्हणजे इमारत सांभाळतो त्या माणसाने, खडेमिठाचं अख्खं पोतं ठेवलं होतं. उघडं. मला वाटलं, किती समजूतदार गाव आहे, सगळ्यांच्या दृष्टीची सोय केलीय. ते रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं मीठ असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोटाचे दोन्ही खिसे भरले. मोहऱ्या आणि लाल मिरच्या शुभाच्या डब्यातून घेतल्या.

रविवारी खेळाडू कपडे बदलून बर्फाकडे जातात तिथे दोन बाजूंना लहान मुलं टाळी द्यायला उभी असतात. मीही क्षितिजाशेजारी उभी राहिले. थीलो आला. मी मूठ वर केली तसा बिचारा वाकला, त्याला वाटलं ओमा टाळी देतेय. मी त्याच्या हेल्मेटवरून उतरवायला सुरुवात केली. आल्यागेल्याची, शेजारपाजारची, कौतुक करणाऱ्याची, नावं ठेवणाऱ्याची, ढोल बडवणाऱ्याची. मागे रांग खोळंबली. आणि मागच्याला वाटलं हे काहीतरी ऑफिशियल आहे. त्यानेही डोकं वाकवलं. जर्मन माणूस रांग मोडत नाही. मग मी एकेकाची काढली, अख्ख्या संघाची. शेवटी पंच आले. त्यांनीही वाकवलं.

"आजी," क्षितिजा म्हणाली, मराठीत, "सगळे बघतात."

"म्हणून तर काढतेय."

आता एवढं मीठ टाकायचं कुठे? विस्तव नाही, तर पाण्यात सोडायचं असतं. मी समोर बघितलं. बर्फ म्हणजे काय, पाणीच, फक्त बसलेलं. दाराजवळच्या कोपऱ्यात सगळं सोडून दिलं आणि मागे वळून न बघता जागेवर जाऊन बसले.

सामना सुरू झाला. ब्रुनोला मी पहिल्यांदा बघितलं. त्याला मान नव्हती, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. आमचा थीलो त्याच्यापुढे उदबत्तीसारखा. आमच्या शेजारी वास्टल नावाचा एक म्हातारा ढोल घेऊन बसतो. तो म्हणाला, "थीलो देवदूतासारखा खेळतो. देऊन टाका." उल्हासरावांनी मान हलवली. कशाला हो म्हणाले, वास्टलच्या पहिल्या वाक्याला की दुसऱ्या, हे त्यांनाही माहीत नव्हतं. शुभा म्हणाली तिला बघवत नाही, आणि कॉफी आणायला गेली.

तेवढ्यात त्या कोपऱ्यातल्या बर्फाला घाम फुटला. मग डबकं झालं. मग खड्डा. चकती तिकडे गेली, तिच्यामागे ब्रुनो गेला आणि घोट्यापर्यंत रुतून उभा राहिला. चिखलात म्हैस उभी राहते तसा. समोरून थीलो सुसाट येत होता. त्याने वळायला बघितलं, पण पायाखाली मोहऱ्या. तो उडाला. हात पसरून, आडवा, बाणासारखा उडाला आणि त्याचं हेल्मेट थेट ब्रुनोच्या पोटात. ब्रुनो उपटला गेला, कठड्यावरून उलटा होऊन आमच्या बाजूला आला आणि वास्टलच्या ढोलात बसला. बरोब्बर बसला. मापाचा निघाला.

थीलो उठला, ब्रुनोकडे बघितलं आणि सवयीप्रमाणे म्हणाला, "एंटशुल्डिगुंग." म्हणजे सॉरी.

तोच सॉरी. पण लोकांना वाटलं टोमणा मारला. अख्खं मैदान उभं राहिलं. पंचांनी थीलोला धरून काचेच्या खोलीत बसवलं, तर लोक त्याचं नाव घेऊन नाचायला लागले. उल्हासरावांच्या डोळ्यांत पाणी.

"अहो, त्याला शिक्षा झालीय," मी म्हटलं.

"गेनाऊ, आई," म्हणाले. "गेनाऊ."

म्हणजे अगदी बरोबर. काय बरोबर, ते विचारायचं मी सोडून दिलं.

बर्फाची देखभाल करणारा माणूस बादली घेऊन आला. खड्ड्यात हात घालून त्याने एक लाल मिरची वर काढली. तिचा वास घेतला. मग छताकडे बघितलं, बराच वेळ. मी पण छताकडे बघितलं.

थीलो काचेतून सुटला तो निराळाच होऊन. ब्रुनोसकट सगळे आता त्याच्यापासून लांबून जायला लागले. वाट मोकळी. तो तिघांमधून वळला, मला आवडतं तसा, आणि तो करपलेला घारगा असा जाळ्यात मारला की मलासुद्धा दिसला.

सामना संपल्यावर मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्याला आमचा थीलो पाडतो, त्याला घेऊन मी काय करू?" झालं. अदलाबदल बारगळली. आनिका बाकावर बसली होती, एक हात पोटावर. ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं, मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

घरी येताना गाडीत पुन्हा सुरू.

"शेवटी दमच कामाला आला," उल्हासराव म्हणाले.

"काहीतरीच. इतकं अचूक उडायला कसब लागतं," शुभा म्हणाली. तिने बघितलंही नव्हतं.

मी खिसे चाचपले. तळाशी चिमूटभर मीठ उरलं होतं, ते घरी उतरल्यावर दाराशी पोत्यात परत टाकलं.

रात्री जेवणाआधी थीलो वर आला. दारातच उभा. क्षितिजाला काहीतरी विचारलं आणि तिने, आता बघा, चक्क मराठीत सांगितलं, "आजी, तो विचारतो, मी काय केलं?"

"त्याला म्हणावं, तू सॉरी म्हणालास."

तो आणखीच गोंधळला. मी त्याला दोन लाडू देऊन खाली पाठवलं.

गोधडी वेळेत झाली. त्यांना मुलगी झाली, त्याच हेबामेच्या हातून, आणि माझी परत यायची वेळ होईपर्यंत मी तिला त्याच गोधडीत घेऊन बसायचे.

आता शुभा सुट्टीला इकडे आलीय, तिने हे वाचलंय आणि माझ्या डोक्यावर उभी आहे. म्हणते, "आई, आपण तो सामना हरलो होतो. आपला एकही गोल झाला नव्हता."

बरं बाई. ढोल खरा आहे, मिरची खरी आहे, पंचांचीही मी खरंच काढली. तो गोल तेवढा झाला नाही. पण एकही गोल न करता हरलेली माणसं गाणी म्हणत घरी का जातात, हे मला तेव्हाही कळलं नाही, आणि तुम्हाला तरी कसं पटवणार? म्हणून एक गोल मी घातला, आत्ता, लिहिता लिहिता. थीलोला सांगू नका. फोनवर क्षितिजाकडून त्याला दोनदा ऐकवलाय, हल्ली त्याला तो आठवायला लागलाय.