भिंतीवरचं वेळापत्रक

मुलं माझ्या पाठीमागे मला घड्याळबाई म्हणतात. म्हणू देत. चौदा वर्षं मी ब्रिटिश बोर्डाच्या परीक्षांवर देखरेख करते आहे आणि माझ्या खोलीत एकही पेपर मिनिटभर उशिरा सुरू झालेला नाही. नियमाला काळीज नसतं असं लोक म्हणतात. मी म्हणते, म्हणूनच तो बरा.

त्या दिवशी माझ्याकडे एकच विद्यार्थिनी होती. परदेशातून ए लेव्हल, म्हणजे ब्रिटिश बोर्डाची बारावी, करायला आलेली, वसतिगृहात राहणारी, अबोल. तिचे फिजिक्स आणि गणित हे दोन्ही पेपर एकाच सकाळी आले होते. अशा वेळी बोर्ड एक पेपर दुपारी देऊ देतं, पण अट कडक असते. मधल्या वेळात बाहेरच्या कोणाशीही बोलायचं नाही, कारण बाकीच्यांनी गणित सकाळीच सोडवलेलं असतं आणि प्रश्न सगळ्यांच्या तोंडी झालेले असतात. बोललं की पेपर रद्द.

फिजिक्स लिहून झाल्यावर तिने डबा उघडला. मोबाइल माझ्या कपाटात कुलपात होता.

"घरी सांगितलंयस ना, गणित दुपारी आहे म्हणून?" मी सहज विचारलं.

"नाही बाई. बाबांनी वेळापत्रक केव्हाच भिंतीवर लावलंय. आमच्याकडच्या वेळेत बदलून, लाल पेनाने. बस चालवतात ना, वेळ बदलली की त्यांचा जीव वरखाली होतो. म्हटलं, कशाला उगाच घोर लावा."

एवढं ती पहिल्यांदाच बोलली, आणि थोडी हसलीसुद्धा.

साडेबाराला कारकून आला. मुलीवर एक डोळा ठेवून मी दारातच उभी राहिले. ऑफिसात तिच्या मामांचा फोन आला होता. वडिलांना पहाटे छातीत कळ आली, तेव्हापासून ते हॉस्पिटलात होते. पाऊण तासात ऑपरेशनला घेणार होते आणि डॉक्टर काही भरवसा देत नव्हते. त्याआधी वडिलांना मुलीशी बोलायचं होतं.

"मग सकाळीच का नाही केला फोन?" मी त्याच्यावरच खेकसले.

"वडिलांनीच करू दिला नाही म्हणे. भिंतीवर बघून या, पोरीचं गणित संपलं की मगच लावा, म्हणाले."

माणसाने जिवावर बेतलेलं असताना वेळ पाळली होती, आणि नेमकी चुकीची.

मुख्याध्यापकांचा निरोप आला, संध्याकाळी सांगू. कॉलेजातली तिची जागा याच गणितावर अडकली होती, आणि पुन्हा बसायचं तर एक वर्ष थांबायचं. मी नियमावली दोनदा चाळली. पळवाट शोधली, हो, मी शोधली. नव्हती. गप्प बसले असते तर नियमही पाळला गेला असता आणि कोणी बोटही दाखवलं नसतं. पण ती समोर डब्याचं झाकण पुसत बसली होती. वडील तिचे होते, माझे नव्हते. तिच्या वतीने ठरवणारी मी कोण?

मी जाऊन सगळं सांगितलं. बोललीस तर पेपर गेला, हेही सांगितलं.

"ऑपरेशनला किती वेळ आहे?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"फोन द्या बाई."

तिने माझ्यासमोर स्पीकर लावला. चोरून बोलली असं दिसू नये, एवढं भान तिला तेव्हाही होतं.

पलीकडचा आवाज अगदी बारीक होता. "पोरी, झाला का गं पेपर?"

"झाला बाबा."

"अवघड होता?"

"नाही. सोपा होता. वेळ उरला मला."

"मग? तपासलंस ना नीट?"

"दोनदा तपासलं."

"शाब्बास. आता पोटभर जेव."

चौदा वर्षांत माझ्या खोलीत मी कोणाचं खोटं खपवून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. मग अहवालाचा कागद घेतला आणि लिहिलं: बारा पन्नास, उमेदवाराचा बाहेरच्यांशी संपर्क. खाली सही केली. तिने तो वाचला आणि मान डोलावली.

दीड वाजता ती म्हणाली, "बाई, मी पेपर लिहिला तर चालेल?"

"मार्क धरणार नाहीत, बाळा. हा अहवाल सोबत जाणार."

"नकोत मार्क. बाबांना झाला म्हणून सांगितलंय. तो होऊ दे."

दोनच्या ठोक्याला मी पेपर तिच्यापुढे ठेवला. एकाच बाकासाठी सगळ्या सूचना मोठ्याने वाचल्या.

साडेतीनला कारकून पुन्हा दारात आला. त्याचा चेहराच पुरेसा होता. तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अर्धा तास आहे," मी म्हणाले. हवं तर लिहायचं थांबव, असंही म्हणाले.

तिने नको म्हणून मान हलवली आणि पुढचं गणित घेतलं. पावणेचारला तिचं लिहून झालं. मग तिने पहिल्या पानापासून सगळं तपासलं आणि शेवटाला आल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून.