बावीस पोरांची लाईन

कोडोलीच्या अक्षता कांबळेला बघायला पावणे आले. मुलगा प्रसेनजीत जयसिंगपूरचा, वीजखात्यात लाईनमन. आईवडील लवकर गेल्यानं त्याला बनाबाई आत्यानं वाढवलेलं, म्हणून विचारपूस तीच करत होती. जय भीम झालं, पोहे झाले, चहा आला. मग आत्यानं विचारलं, पोरगी कंपनीत नेमकं काय करते.

अक्षता कागलच्या एमआयडीसीत, पंपाच्या कारखान्यात लाईन लीडर होती. पंपाचे भाग जोडत जोडत माल पुढं सरकतो, त्या ओळीवरचे सगळे तिच्या हाताखाली. पण एवढी फोड करून कोण सांगतंय? ती म्हणाली, "माझ्या लाईनीला बावीस पोरं हायत."

आत्यानं कप खाली ठेवला. तिला लाईनचे दोनच अर्थ ठाऊक होते. एक भाच्याच्या खांबावरचा आणि दुसरा कॉलेजच्या फाटकाबाहेरचा. खांबावर बावीस पोरं काही मावत नाहीत.

"बावीस?"

पावणी कौतुकानं विचारतेय असं अक्षताला वाटलं. "आधी सतरा होती. मार्चपासनं पाच वाढली. रात्रपाळीची येगळी."

प्रसेनजीतला घोळ कळला होता. पण हसू दाबण्यातच त्याचा वेळ गेला, आणि तोवर आत्या 'कळवतो' म्हणून उठलीसुद्धा. गाडीत त्यानं परोपरीनं समजावलं. आत्याचं एकच, पोरगी आवडली म्हणून तू तिची बाजू घेतोस.

संध्याकाळी त्यानं अक्षताला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग तिनं विचारलं,

"तुम्हास्नी तिथंच कळलं हुतं न्हवं? मग बोलला का न्हाईसा?"

 चुकलं, एवढंच तो म्हणाला. शनिवारी कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवणार होते. आत्याला घेऊन या, असं तिनं सांगितलं आणि फोन ठेवला.

आत्या आली, ती तोंड फुगवूनच. काचेपलीकडं पंप सरकत होते. आत्यानं मनातल्या मनात डोकी मोजली. बावीसच होती. तेवढ्यात एका पोरानं वायसर उलटा बसवला. अक्षतानं बटण दाबलं आणि अख्खी ओळ थांबली. ती ओरडली नाही. त्याच्याकडनंच पंप खोलून घेतला, पुन्हा जोडून घेतला. तो कान धरून म्हणाला, "चुकलं, ताई." बाकीची पोरंही तिला ताईच म्हणत होती.

जेवणाच्या सुट्टीत आत्या तिच्याशेजारी जाऊन बसली. अक्षतानं आपला डबा दोघींच्या मधे ठेवला.

"लग्नानंतर हे काम सोडणार?"

"न्हाई."

"सोडूबी नको," आत्या म्हणाली आणि डब्यातली भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली.

लग्न जानेवारीतल्या एका रविवारी, विहारात ठरलं. मधल्या वारी अक्षताला सुट्टी मिळत नव्हती.