करपलंय म्हणा

मावशीनं माझ्या चहाला चांगलं म्हटलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की तिचं काहीतरी बिनसलंय.

माझी मावशी चहा पॅक करणाऱ्या एका कंपनीत चहा चाखते. पगारी. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लागते, मावशी चमच्यानं एकेका कपातला घोट असा काही फुर्रकन ओढते की शेजारच्या खोलीतला हिशेबनीस दचकावा, तो तोंडात घोळवते आणि चाकं लावलेल्या पिकदाणीत थुंकते. मग सांगते, हा घ्या, हा परत पाठवा. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. ती जिभेवर कमावते, मी दातांवर, आणि आमचं घर लोकांच्या तोंडावर चालतं. आई गेल्यावर मावशीनंच मला वाढवलं आणि वाढवताना माझ्या हातच्या एकाही पदार्थाला बरं म्हटलं नाही. माझ्या चहाला तिनं आजवर भिजलेल्या गोणपाटाची, डबक्याची आणि एकदा तर माझ्या वडिलांची उपमा दिली होती.

म्हणून त्या दिवशी ती कप खाली ठेवून "छान झालाय गं" म्हणाली, तेव्हा मी आधी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ताप आणि सर्दी आदल्याच आठवड्यात येऊन गेली होती, जाताना तिचा वास बरोबर घेऊन. तिनं ते बस चुकल्यासारखं सांगितलं. नाकाला काही कळत नाही, चहा नुसता गरम लागतो, जेवण नुसतं मऊ नाहीतर कडक लागतं.

कंपनीत तिनं कुणापुढे ब्र काढला नव्हता. रंग बघून, ओली पानं चिमटीत घेऊन ती वेळ मारून नेत होती. शिवाय तिच्या हाताखाली एक शिकाऊ उमेदवार होता. त्याचा टाय रोज कुठल्या ना कुठल्या कपात बुडायचा, म्हणून त्याला सगळे टायच म्हणायचे. टायला स्वतःचं मत आधी बोलून दाखवायची हौस. तो बोलला की मावशी "हं" म्हणायची, आणि ते "हं" असं म्हणायची की तो स्वतःच आपलं मत बदलायचा. पण एक मोठा खरेदीदार सोमवारी येणार होता आणि त्याची अट होती की पानं दिसणार नाहीत, कप आतून काळे असतील, आणि कुठला चहा कुठला ते चाखून ओळखायचं फक्त मावशीनं. तिथं चुकली असती तर मालकांनी तिला खोकी मोजायला पॅकिंगमध्ये बसवलं असतं आणि तिच्या खुर्चीत टाय बसला असता.

मी म्हटलं, मालकांना सरळ सांगून टाक. तर म्हणाली, "त्या टायच्या हातात माझा चमचा? मेले तरी नाही."

डॉक्टरांनी हात टेकले होते. येईल तर आपोआप येईल, नाहीतर नाही, तोवर नाकाला उग्र वास दाखवत राहा, म्हणाले. आणि एक बजावलं, की कधीकधी असं नाक खोटं बोलतं, काहीच नसताना वास येतो, आणि तो बहुतेक जळल्याचा असतो. तसं झालं तर चांगलं लक्षण समजू नका. मावशीनं घरात लवंग, व्हिनेगर, रॉकेल, माझे मोजे असं सगळं हुंगून पाहिलं. पण ती पडली धंद्यातली. तिचं म्हणणं, ओळखीची वस्तू नाकाशी धरली की डोकंच सांगतं ही लवंग, आणि नाक मात्र झोपलेलंच असतं. तिला असं काहीतरी हवं होतं जे तिनं जन्मात खाल्लेलं नाही.

अशा जागांची आमच्या शहरात तेव्हा काही कमी नव्हती. जिथं आधी झेरॉक्सचं दुकान होतं तिथं आता एशियन फ्यूजन. एका ताटलीत तीन देश, आणि तेही आमच्या पगारात बसतील इतके स्वस्त. मी मावशीला फ्यूजन म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, आमच्या धंद्यात याला भेसळ म्हणतात.

पहिल्या हॉटेलात भिंतीवर ड्रॅगन होता, गल्ल्यावर पंजा हलवणारं सोनेरी मांजर होतं आणि मेनूवर किमचीचा, म्हणजे कोरियन लोणच्याचा, पिझ्झा होता. मावशीनं पर्समधून स्वतःचा चाखायचा चमचा काढला, सूपमध्ये बुडवला आणि सवयीनं ओढलं. शेजारच्या टेबलावरच्या बाळानं रडायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. घोट घोळवून झाल्यावर तिनं पिकदाणी शोधली. खुर्चीच्या बाजूलाच एक रुंद तोंडाचं पितळी भांडं होतं, तिनं त्यात थुंकलं. त्यात एक बांबू होता. मालक धावत आला तेव्हा कळलं की तो साधा बांबू नव्हता, दुकानाचं नशीब होतं. आम्हाला त्यानं पिझ्झा बांधून दिला आणि दारापर्यंत सोडायला आला. त्यानंतर आम्ही घरून झाकणाचा स्टीलचा डबा नेऊ लागलो.

दुसरीकडे जमिनीवर बसायचं होतं. मावशीचे गुडघे खाली गेले पण वर यायला तयार होईनात. सुशी बरिटो नावाची गार भाताची गुंडाळी आली, तिच्यासोबत हिरव्या वसाबीचा गोळा. तिनं तो चटणी समजून अख्खा तोंडात टाकला. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहायला लागलं, कान लाल झाले. माझी आशा पालवली. "झोंबतंय," ती डोळे पुसत म्हणाली, "झोंबणं म्हणजे वास नव्हे." आणखी एका कॅफेत माचा नावाच्या हिरव्या जपानी चहाचा पेला आला, वर दुधाचा फेस आणि फेसावर काढलेला बदाम. तो मात्र तिनं तोंडाला लावलाच नाही. रंगावरूनच माल जुना आहे म्हणाली आणि वेटरला भुकटी कुठल्या डब्यात ठेवता, झाकण घट्ट बसतं का, असं काय काय विचारत बसली. वेटर बिचारा परीक्षेला बसल्यासारखा उत्तरं देत होता.

मी या फेऱ्यांमध्ये मजेत होते, हे कबूल करायला हवं. मावशी जे चाखून ढकलून द्यायची ते माझ्या पोटात जायचं. नूडल्सचा बर्गर, कढीपत्त्यासारख्या पाल्याची हिरवी थाई करी घातलेला पास्ता, तिळाचं काळं आइस्क्रीम. एकदा तोंड भरलेलं असताना मी म्हटलं की हे भारी आहे, तू खरंच एक घास खाऊन बघ. तिनं खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "ऊन आहे. बुळबुळीत आहे. आणखी काय सांगू?" आणि तिनं चमचा पुसून पर्समध्ये ठेवला. "खरं सांगू का, मला भीती वाटतेय गं. चहा कळत नसेल तर मी त्या खोलीत कोण?"

तिला असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही रडू यायला लागलं, पण तोंडात पास्ता होता.

सोमवारच्या आधीचा शनिवार उजाडला. लॉन्ड्रीच्या मागे, जिन्याखाली एक जागा उरली होती. एक बाकडं, चार स्टुलं, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. स्वयंपाकी तरणाताठा होता, दंडावर माशाचं गोंदण. गल्ल्यावर त्याच्या सासूबाई. सासूबाईंचे कान, डोळे आणि जीभ सगळं जावयाच्या मागे. पैसा त्यांचा, भांडी त्यांची, आणि हे दोन्ही त्या येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या. आम्ही बसायच्या आत आम्हालाही सांगितलं.

आम्ही शेंगदाण्याच्या सॉसमधली स्पॅगेटी मागवली. मावशीनं सॉसचा चमचा ओढला, घोळवला, आणि थांबली. डबा हातातच राहिला. तिनं घोट थुंकला नाही, गिळला.

"करपलंय," ती म्हणाली.

मी स्पॅगेटी चाखली. लिंबू लागलं, तिखट लागलं, नारळाचं दूध लागलं. करपलेलं काही लागेना. मी तसं म्हणाले आणि मावशीचा चेहरा उतरला. शेजारच्या स्टुलांवरच्या जोडप्याला विचारलं, तर ती दोघं म्हणाली, अप्रतिम आहे, आम्ही दर आठवड्याला येतो. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. डॉक्टर काय म्हणाले होते ते दोघींनाही आठवत होतं. सॉस खरंच करपला असेल तर नाक आलं. करपला नसेल तर नाक गेलंच, वर खोटारडंही झालं.

मी स्वयंपाक्याला बोलावलं. भिंतीच्या खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं. मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं की सॉस जरा लागलाय का. त्यानं आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग कानावर हात ठेवले. छे, आजच केलाय, ताजा आहे. सासूबाई गल्ल्यावरून उठल्या. काय तक्रार आहे म्हणाल्या. मी म्हटलं, तक्रार नाही, उलट करपला असेल तर आम्हाला फार आनंद होईल. हे वाक्य मी जन्मात दुसऱ्यांदा बोलणार नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे काही करपत नाही, माझं जाड बुडाचं पातेलं आहे. दुसरी ताटली देते. मावशी म्हणाली, दुसरी नको. पैसे घेऊ नका हवं तर, असं सासूबाईंनी जिवावर आल्यासारखं म्हटलं. मावशी म्हणाली, दुप्पट घ्या, फक्त करपलंय म्हणा.

ते जोडपं ताटल्या उचलून दाराजवळच्या कोपऱ्यात गेलं.

शेवटी सासूबाईंना बाहेर गॅसवाल्यानं हाक मारली आणि त्या सिलिंडर बघायला गेल्या. मावशी स्टुलावरून उतरून थेट स्वयंपाकघरात. मी मागे. स्वयंपाकी मोरीला पाठ लावून उभा होता, एखादं पोर मागे काहीतरी लपवून उभं राहतं तसा.

"हे बघ," मावशी म्हणाली, "मी चहा चाखते. माझं नाक गेलंय. सोमवारी माझी खुर्ची जायची आहे. मला तुझ्या सॉसमध्ये करपल्याचा वास येतोय. तो तिथं आहे की माझ्या डोक्यात आहे, एवढंच सांग. तुझ्या सासूबाईंना मी काही सांगणार नाही."

त्यानं दाराकडे एकदा पाहिलं, बाजूला झाला, मोरीतला ओला टॉवेल उचलला. खाली सासूबाईंचं जाड बुडाचं पातेलं, आणि बुडाला काळाकुट्ट थर. फोनवर बोलत होतो, तो कुजबुजला. वरचा सॉस हलकेच दुसऱ्या भांड्यात काढला, लिंबू पिळलं, कुणालाच कळलं नाही.

मावशीनं पातेलं दोन्ही हातांनी धरून त्यात डोकं घातलं. आतून मोठा श्वास ऐकू आला, मग आणखी एक. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मावशीचे खांदे हलत होते, हसतेय की रडतेय कळत नव्हतं. तेवढ्यात दारात सासूबाई.

त्यांना काय दिसलं असेल ते दिसलं असेल. एक अनोळखी बाई पातेल्यात डोकं घालून, एक अनोळखी पोरगी तिची पाठ चोळतेय आणि जावई पांढराफटक. मावशीनं डोकं वर काढलं. नाकाच्या शेंड्याला काजळी. "पातेलं फार सुंदर आहे हो," ती म्हणाली, "मी म्हटलं जवळून बघावं. सॉसही उत्तम. मीच हट्टानं थोडा जास्त परतायला लावला." चवीच्या बाबतीत मावशी कधी खोटं बोलत नाही. माझा तो चहा सोडला तर हे तिचं पहिलंच. सासूबाई पातेल्याकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, पण पातेल्याचं कौतुक त्यांना बहुधा आजवर कुणी केलं नसावं. त्या पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसल्या. स्वयंपाकी आमच्याकडून पैसे घेईना, मावशीनं ते बळंच दिले.

त्यानंतर वास एकेक करून परत येऊ लागले, पण सगळे नाहीत. रविवारी तिला मोरीचा वास आला. माझ्या शाम्पूचा आला, आणि तो मोरीपेक्षा वाईट असल्याचं कळलं. कांद्याचा आला. चहाचा डबा उघडून ती त्यात कितीतरी वेळ नाक घालून बसली. काय वाटतं, असं मी विचारलं तर नुसता हात हलवला.

सोमवारी ती चहा न घेताच गेली. चाखायच्या दिवशी ती आधी तोंडात काही घालत नाही. मी दिवसभर लॅबमध्ये एका आजोबांची कवळी लावत होते आणि वरच्या दाढा खाली बसवल्या. साहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि मला लवकर घरी पाठवलं.

मावशी संध्याकाळी आली. चपला काढल्या, पर्समधून चमचा काढून धुतला, खुर्चीत बसली. तिचा चेहरा नेहमीच आंबट असतो, त्यावरून काही कळत नाही. "चहा टाक," म्हणाली. मी टाकला. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले, पाणी थंड झालं, मी ते तसंच पुन्हा तापवलं. कप तिच्यापुढे ठेवला आणि उभी राहिले.

तिनं घोट घेतला. घोळवला. तोंड वाकडं केलं.

"पाणी दोनदा उकळलंस," ती म्हणाली. "दूध कांद्याला लावून ठेवलं होतंस. आणि गाळणं तू काल धुतलेलंच नाहीस. याला चहा म्हणतात?"

मला इतका आनंद झाला की खुर्चीच सापडेना. मी जमिनीवरच बसले. ओरडावंसं वाटत होतं. आणि आत कुठेतरी, अगदी थोडंसं, वाईटही वाटलं, कारण ते "छान झालाय गं" मला आवडलं होतं. मी विचारलं, "आणि तिकडचा?"

"तिकडचा यापेक्षा बरा होता. सगळे ओळखले, एक सोडून. तो खरेदीदारालाही कळला नाही. टायला तर काहीच नाही."

मी सवयीनं तिच्यापुढे स्टीलचा डबा सरकवला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी तो परत घेतला. मग तिनं कप उचलला आणि आणखी एक घोट गिळला, आणि आणखी एक. दुनियेभरचा उत्तम चहा ही बाई थुंकते. माझा गोणपाटाचा, डबक्याचा, बापाच्या वळणाचा चहा मात्र तिनं इतक्या वर्षांत एकदाही थुंकला नव्हता, हे माझ्या त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं. तळाची पत्ती दिसेपर्यंत तिनं तो संपवला, कप माझ्या हातात दिला आणि गाळणं धुवायला सांगितलं.