गर्वाचा पत्ता

"या जगात बिनचूक गोष्टी दोनच. एक परमेश्वर आणि दुसरं आपल्या चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ," असं घड्याळजींनी चर्चच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं, तेव्हा ते घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं.

बावीस वर्षं त्या घड्याळाला किल्ली देण्याचा मान घड्याळजींचा. गावातले रेडिओ, फोन आणि शेजारी मागे पडलेत, असं त्यांचं ठाम मत होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ, बेकरीवाला, चारचौघांत म्हणाला होता की दादा, घड्याळ पुढे गेलंय. त्यावर घड्याळजी म्हणाले की भट्टीपाशी बसून बसून याचं डोकं तापलंय. सगळे हसले, भाऊ हसला नाही. तेव्हापासून तो उपासनेला पार शेवटच्या बाकावर बसू लागला. आता येत्या रविवारी त्याच्या लेकीचा बाप्तिस्मा होता, आणि बाळाला हातात धरणारा धर्मपिता होण्याचं बोलावणं घड्याळजींना काही येईना. घड्याळजींनी तिच्यासाठी नवा कोट शिवून घेतला होता, स्वतःला.

ते रोज सकाळी प्रार्थना करत, "प्रभू, माझ्या भावाचा गर्व उतरव." घोटाळा नको म्हणून भावाचा पत्ताही सांगत.

शुक्रवारी बटाटे सोलता सोलता बायकोने सहज विचारलं, "मनोऱ्यावरचं घड्याळ तुम्ही कशावरून लावता हो?"

"माझ्या खिशातल्या घड्याळावरून."

"आणि खिशातलं?"

"अर्थात, मनोऱ्यावरच्या..."

वाक्य तिथेच अडकलं. बायको बटाटा फारच सावकाश सोलू लागली.

घड्याळजी तडक चर्चमध्ये गेले. आत कुणी नव्हतं. एरवी पॅंटची इस्त्री मोडते म्हणून ते उभ्यानेच प्रार्थना करत. आज गुडघे टेकले. सवयीने "प्रभू, माझ्या भावाचा" इथवर आले आणि थबकले. वर घड्याळ टिकटिकत होतं, ठाम, खणखणीत आणि चुकीचं. आवाज ओळखीचा वाटला. घरातली माणसं रोज तोच ऐकत होती.

"प्रभू," ते हळूच म्हणाले, "पत्ता चुकला. गर्व आमच्याच घरी राहतो. तेवढा घेऊन जा."

बेकरीच्या वाटेवर त्यांनी माफीचं भाषण जुळवलं. दुसऱ्या कोपऱ्यावर त्यांना वाटून गेलं की इतकी सुंदर माफी सबंध मंडळीत कुणाला मागता येणार नाही. मग ते तिथेच दिव्याच्या खांबाशी थांबले, पुन्हा डोळे मिटले आणि भाषण सोडून दिलं.

भाऊ भट्टीतून पाव काढत होता. मान वर न करता त्याने किती पाव हवेत ते विचारलं.

"पाव नकोत. तू बरोबर होतास, मी चुकलो. आणि लोकांत तुझं हसं केलं, ते तर त्याहून वाईट."

भावाने ट्रे खाली ठेवला. पिठाचे हात बराच वेळ पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"रविवारी नऊला बाप्तिस्मा आहे," तो शेवटी म्हणाला. "लेकीला तूच धरायचंस, दादा. वेळेवर ये म्हणजे झालं."

घड्याळजींनी मान डोलावली. खिशातलं घड्याळ काढलं, त्याच्याकडे न बघताच परत आत सारलं आणि घसा खाकरला.

"येतो की. फक्त एवढं सांग रे, आत्ता किती वाजलेत?"